फीत न कापलेलं सॉफ्टवेअर

विश्वनाथ भोयर सर आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात, असं वेळापत्रक म्हणतं. खरं मी सांगते. भोयर सर सॉफ्टवेअर निवडतात. रामदासपेठेतल्या या गृहविज्ञान महाविद्यालयात मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा ते निवडतच होते. माझे केस पांढरे झाले, ग्रंथालयातली कार्डांची कपाटं भंगारात गेली, तरी सरांची निवड चालूच आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे आकड्यांचं गणित करणारं. संशोधन करणाऱ्या मुली गावोगाव फिरून, कोणाचं वजन करून, कोणाचं रक्त तपासून आकडे आणतात. ते यात भरले की दोन गटांतला फरक खरा आहे की नुसता योगायोग, ते कळतं. अशी सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत. काही महागडी, काही स्वस्त, काही चक्क फुकट. भोयर सरांनी ती सगळी पाहिली आहेत. पाहिली म्हणजे, नमुन्यादाखल जितके दिवस फुकट वापरायला मिळतात तितके दिवस उघडून बघितली. मुदत संपली की सर त्याचं नाव आपल्या तुलनेच्या तक्त्यात चढवतात आणि पुढचं उतरवून घेतात. आपल्याकडे काही लोक मुली पाहायला जातात, पोहे खातात, ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. सरांचं सॉफ्टवेअरशी तेवढंच नातं आहे.

घरीही माणूस असाच. एका वर्षी कूलर घ्यायचा होता. सर दुकानोदुकानी फिरून पात्यांची लांबी, टाकीचा आकार, आवाज किती होतो, याचा तक्ता करत बसले. महिना मे, गाव नागपूर. रात्री भिंतीला हात लावला तरी भाजायचं. शेवटी देवकीवहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, एकट्या ऑटो करून गेल्या आणि पहिल्या दुकानातला पहिला कूलर उचलून आणला. सर त्याच्या गार वाऱ्यात बसून म्हणाले, “घाई केली तू.” वहिनींनी हे मला हसत हसत सांगितलं, पण ते हसणं फारसं खुशीचं नव्हतं.

असो. तोवर या छंदानं कॉलेजचं काही बिघडत नव्हतं. आमच्या मुली थिसिसमध्ये एका महागड्या सॉफ्टवेअरचं नाव व्हर्जनच्या नंबरासकट लिहायच्या. ते नाव आधीच्या मुलीच्या थिसिसमधून उतरवलेलं असायचं, आणि तिनं ते तिच्या आधीच्या मुलीच्या थिसिसमधून. कॉलेजात ते सॉफ्टवेअर कधीच नव्हतं. गणित बाहेरच्या बाहेर कुठूनतरी होऊन यायचं, आणि कुठून ते विचारण्याची पद्धत नव्हती. मग कॉलेजच्या मूल्यांकनाला बाहेरगावची मंडळी आली. त्यांतल्या एका बाईंनी माझ्याच टेबलावर थिसिस उघडला, त्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, “याचं लायसन्स दाखवता का?” प्राचार्यांनी भोयर सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. पुढच्याच आठवड्यात सॉफ्टवेअर निवड समिती नेमली गेली आणि भोयर सर तिचे अध्यक्ष झाले.

यात सापडली मेघा गजभिये. आमच्याकडे कंत्राटावर शिकवणारी, शिकवता शिकवता पीएचडी करणारी. तिच्या मुख्य मार्गदर्शक बाई आहारशास्त्राच्या. “आकड्यांचं काय ते भोयर सर पाहतील,” म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं आणि सरांना सहमार्गदर्शक करून टाकलं. थिसिसवर सही मात्र दोघांची लागते.

मेघाचा विषय मला फार आवडायचा. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाकडच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका पॅकिंगच्या कंपनीत आजूबाजूच्या गावांतल्या मुली रात्रपाळी करतात. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रात्री मिळतो चहा, बिस्किटं आणि संध्याकाळचे उरलेले समोसे. मुली म्हणत होत्या, इथं आल्यापासून चक्कर येते, पायात जीव राहत नाही. कंपनीचा मॅनेजर म्हणत होता, या मुली घरूनच अशक्त येतात, त्याला आम्ही काय करणार? मेघानं प्रत्येकीचं रक्त कामावर लागताना तपासलं आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. ज्यांच्या रक्तात लोह फार कमी होतं त्यांना तिनं तेव्हाच दवाखान्यात नेलं. मग मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, “मॅडम, सही-शिक्क्याचा थिसिस आणा. त्यात दोष जेवणाचा निघाला, तर रात्रीचं गरम जेवण सुरू करतो. शब्द देतो.”

म्हणजे सगळं येऊन थांबलं भोयर सरांच्या सहीपाशी. मेघाच्या नोंदणीची मुदत येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या मार्चअखेर संपणार होती. त्यानंतर थिसिसही नाही आणि गरम जेवणही नाही.

ती आकडे घेऊन सरांकडे गेली तेव्हा मी तिथंच होते, वार्षिक मागणीपत्रावर सही घ्यायला. सरांनी आकड्यांकडे पाहिलंही नाही.

“कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करणार आहे?”

“सर, ‘आर’ मध्ये करते ना. फुकट मिळते, मले येते पण ते.”

“फुकट!” सरांनी खुर्ची मागे सरकवली. “फुकटच्या वस्तूले कोण विचारते? आणि आराखड्यात काय लिहिलं आहे तू? ते दुसरं. विद्यापीठानं मंजूर केलेलं.”

“ते तुम्हीच लिवाले लावलं होतं सर, आधीच्या थिसिसमधून पाहून. बदललं तरी चालते. तुमच्या सहीचं एक पत्र लागते फक्त. आणि ‘आर’ तर जगभरात लोकं वापरून राहिले.”

“जगाले वापरू दे. जगाचं मूल्यांकन नाही होऊन राहिलं, आपलं होऊन राहिलं. आता समिती आहे. समिती निवडन, कॉलेज घेईन, मंग तू त्यात कर. ओरिजिनल. घाई काहून करून राहिली तू?”

समितीच्या बैठका सुरू झाल्या. सर प्रत्येक बैठकीत तक्ता वाढवून आणायचे. कोणत्या सॉफ्टवेअरची खिडकी लवकर उघडते, कोणाच्या आलेखांना किती रंग आहेत, कोण मदतीला मुंबईहून माणूस पाठवतं. सदस्य चिवडा खायचे आणि ‘आणखी अभ्यास व्हावा’ असं ठरवून उठायचे. आकडे कोणते आणि त्यांतून काय शोधायचं आहे, हा विषय एकाही बैठकीत निघाला नाही. मी इतिवृत्त टाइप करत होते म्हणून सांगते.

मार्च संपत आला आणि हिशेब विभागातून निरोप आला, निधी महिनाअखेरपर्यंत खर्च झाला नाही तर परत जाईल. झालं! इतकी वर्षं न झालेली निवड एका दुपारी उरकली. ज्या विक्रेत्यानं त्या दुपारी फोन उचलला, त्याचं सॉफ्टवेअर निवडलं. सरांच्या तक्त्यात ते चौथं होतं. नशिबानं थिसिसांमध्ये उतरवून उतरवून नाव गुळगुळीत झालेलं ते हेच होतं, त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं. बिल निघायला ‘बसवून चालू केल्याचा’ दाखला लागतो. विक्रेत्याचा माणूस आला, त्यानं बसवलं, चालू केलं, दाखला दिला आणि गेला. त्या घडीपासून एका वर्षाचं लायसन्स सुरू झालं.

मेघा पेढे घेऊन आली होती. तिला वाटलं, आता बसायचं आणि करायचं. तर खोलीच्या दाराला लाल फीत.

हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागेल. आमच्या कॉलेजात उद्घाटन झाल्याशिवाय कशालाच हात लावत नाहीत. लिफ्ट बसवली तेव्हा तीही अशीच फीत बांधून उभी होती आणि आम्ही गुडघे धरून शेजारच्या जिन्यानं चढत होतो. सॉफ्टवेअर होतं एका संगणकावर, पण त्याच्यासाठी लकडगंजातून सागवानी टेबल आलं, दारावर ‘सांख्यिकी विश्लेषण कक्ष’ अशी पितळी पाटी लागली, आणि एवढं केल्यावर फीत कापायला मंत्रीच पाहिजे असं प्राचार्यांनी ठरवलं.

“सर, मी मागच्या दारानं जाते. कोणाले दिसणार नाही,” मेघा म्हणाली.

भोयर सर खरोखर दुखावले. “आधीच वापरलं तर उद्घाटन कशाचं करणार? उष्ट्या वस्तूचं?”

मंत्री मिळेना. खरेदी झाली तेव्हाच लोकसभेची आचारसंहिता लागलेली होती. ती उठली तर पावसाळी अधिवेशन मुंबईत. मग पितृपक्ष. पितृपक्ष संपला तर विधानसभेची आचारसंहिता. हिवाळी अधिवेशनात सगळे मंत्री नागपुरातच येतात, तेव्हा प्राचार्यांनी कोट शिवून घेतला. मंत्री आलेसुद्धा. पण खाती वाटली गेली नव्हती, आणि बिनखात्याच्या मंत्र्याच्या हातून फीत कापली तर निमंत्रणपत्रिकेवर काय छापायचं, या काथ्याकुटात अधिवेशन संपलं. आत सॉफ्टवेअरचं लायसन्स रोज थोडं थोडं सरत होतं. बाहेर भोयर सर फीत ढिली झाली की पुन्हा आवळून बांधत होते.

मेघानं वाट पाहत बसायचं नाही असं ठरवलं. दुपारच्या सुट्टीत ती माझ्या ग्रंथालयातल्या संगणकावर बसे आणि ‘आर’मध्ये आपलं काम करी. दिवाळीच्या आसपास तिचं सगळं झालं. निकाल स्वच्छ होता. रात्रपाळी करूनही ज्या मुली घरून डबा आणायच्या, त्यांचं रक्त फारसं घटलं नव्हतं. चहा-बिस्किटांवर राहणाऱ्यांचं मात्र झपाट्यानं खाली आलं होतं. दोष रात्रीचा नव्हता, जेवणाचा होता. तिनं लाल-निळ्या खांबांचा आलेख काढून मला दाखवला, निळे खांब डबा आणणाऱ्यांचे, लाल चहा-बिस्किटवाल्यांचे, आणि आकड्यांशी माझं कधी जमलं नाही तरी मला तो एका नजरेत कळला.

आम्ही दोघी सरांकडे गेलो. मेघानं तक्ता पुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं, “सर, सॉफ्टवेअर जाऊ द्या. हे आकडे बरोबर लावले का मी, तेवढं पाहून द्या.”

सर तक्त्याकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला. बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नेलं, परत आणलं. मग म्हणाले, “अक्षर लहान झालं आहे. आणि चांदण्या कुठं आहेत?”

“कोणत्या चांदण्या?”

“महत्त्वाच्या आकड्यापुढे चांदणी येते ना. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येते. यात आलीच नाही. म्हणून म्हणतो, फुकटचं.”

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाला तक्ता वाचता येत नव्हता. कधीकाळी येत असेल. डिग्री खरी आहे, मी पाहिली आहे. पण इतकी वर्षं सॉफ्टवेअर निवडण्यात घालवली की आकड्यांशी गाठ पडण्याची वेळच आली नाही, आणि आता ती येऊ नये म्हणूनच ही निवड चालली होती. जोवर सॉफ्टवेअर ठरत नाही तोवर कोणी विचारणार नाही की सर, याचा अर्थ काय. मला त्यांची कीव आली. मग मेघाचा चेहरा दिसला आणि कीव कुठल्या कुठं गेली.

मिहानमधली कामिनी मेश्राम नावाची एक मुलगी मेघाला अधूनमधून फोन करायची. उमरेडकडची, हसरी, तिच्या रक्ताचे आकडे सगळ्यात वाईट घसरलेल्यांत होते. ती गोळ्या घ्यायची, थोडी सावरायची, पुन्हा रात्रपाळीला चहा-बिस्किटांवर यायची. तिला थिसिस हा शब्द जमायचा नाही. “मॅडम, झालं का जी तुमचं पुस्तक? आमच्या इथं सारेच विचारून राहिले.” मेघा प्रत्येक वेळी सरांना जाऊन सांगायची, सर, कामिनीचा फोन आला होता, त्या मुली वाट पाहून राहिल्या. सर मान डोलवायचे आणि म्हणायचे, “अधिवेशन होऊ दे.”

फेब्रुवारीत फोन आला तो कामिनीच्या मैत्रिणीचा. रात्री लाईनवर उभ्या उभ्या ती पडली, डोकं यंत्राच्या कडेवर आपटलं. जीव वाचला, पण बाप येऊन गावाला घेऊन गेला. आता ती येणार नव्हती. मेघा माझ्यासमोर बसून रडली. मग डोळे पुसून सरांकडे गेली आणि हेही सांगून आली. सर म्हणाले, “अरे अरे. पण आता मंत्र्याची तारीख मिळाली आहे, टेन्शन नको घेऊ.”

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खरंच एक मंत्री आले. लायसन्स संपायला थोडेच दिवस राहिले होते आणि मेघाच्या नोंदणीलाही. मंडप, संत्रा बर्फी, शाल, सगळं होतं. ऐनवेळी सरांच्या लक्षात आलं की सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात. मंत्र्यांना रिकाम्या चौकटी कशा दाखवायच्या? तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा भोयर सर आपणहून ग्रंथालयाचा जिना चढून धापा टाकत वर आले.

“मेघा, तुझा तो रंगीत आलेख आहे ना, तो दे बरं लवकर.”

मेघानं पेनड्राइव्ह दिला.

मंत्र्यांनी फीत कापली, बटण दाबलं. पडदाभर मेघाचा लाल-निळा आलेख उमटला. ‘आर’मध्ये काढलेला, फुकटचा, बिनचांदण्यांचा. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्री म्हणाले, “वा! जबरदस्त आहे तुमचं सॉफ्टवेअर.” भोयर सर हात जोडून म्हणाले, “हो जी साहेब. एकदम ओरिजिनल.”

चहाच्या वेळी मेघानं सरांना खांबाआड गाठलं. हातात थिसिस आणि सॉफ्टवेअर बदलल्याचं ते एक पानी पत्र. सर खुशीत होते.

“पत्राची काय गरज आहे आता? बिल आहे, लायसन्स आहे, उद्घाटन झालं. तू थिसिसमध्ये नाव आपल्या सॉफ्टवेअरचं टाइप करून दे, मी सही करतो. कोण पाहाले येते कशात केलं म्हणून?”

मेघा इतक्या हळू आवाजात बोलली की मला पुढे सरकावं लागलं. “नुसतं नावच पाहिजे होतं सर? मंग ते मी बिल निघालं त्याच दिवशी टाइप केलं असतं. त्या पोरी वर्षभर कशासाठी बिस्किटं खाऊन राहिल्या?”

“तू मनाले लावून घेऊन राहिली.”

“खोटं नाव मी नाही लिहिणार. पत्रावर सही करा. नाहीतर तो आलेख कशात काढला ते मी आत्ता जाऊन सांगते.” तिनं बोट केलं. पलीकडे पेपरवाला बर्फीचा तुकडा तोंडात टाकून फोटोखालची नावं लिहून घेत होता.

सरांचा पेन लगेच निघाला. वर्षभर अडलेली सही एका झटक्यात झाली. थिसिसचं एकही पान त्यांनी उलटलं नाही. फक्त पत्र परत देताना विचारलं, “व्हर्जन लिहिलं का व्यवस्थित?”

थिसिस मुदतीत गेला. मेघा प्रत घेऊन मिहानला गेली, आणि सांगायला हवं, मॅनेजर शब्दाला जागला. आता तिथं रात्री वरण, भात, भाजी मिळते. मेघा पहिल्या रात्री जाऊन पंगतीत बसून आली. यातल्या निम्म्या मुली नव्या आहेत, ज्यांचं रक्त तपासलं होतं त्यांतल्या बऱ्याच केव्हाच सोडून गेल्या, असं म्हणाली.

लायसन्स संपलं. नूतनीकरण करायचं की दुसरं घ्यायचं, यासाठी नवी समिती नेमली आहे. अध्यक्ष कोण ते सांगायची गरज नाही. पहिल्या बैठकीचं इतिवृत्त घ्यायला मी गेले, तर भिंतीवर उद्घाटनाचा फोटो चौकटीत लावलेला. मंत्री, प्राचार्य, सर आणि मागे तो आलेख. माझा संयम सुटला.

“सर, हे लाल खांब कशाचे आहेत, माहीत आहे तुम्हाला?”

सरांनी फोटोकडे कौतुकानं पाहिलं. “रंग चांगला आला आहे. नवीन घेऊ त्यात याच्यापेक्षा चांगला येईन.”

“त्या लाल खांबात कामिनी आहे, सर.”

सर विचारात पडले. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते, चेष्टा नव्हती.

“कोण कामिनी?” त्यांनी विचारलं.